सुकतळा निवडायचा कुणी?

आंघोळ करून निघालेला ओला पाय शहाबादी फरशीवर पडला की ठसा उमटतो. आतल्या अंगाला कोरडी जागा राहिली तर कमान चांगली, अख्खा तळवा उमटला तर पाय सपाट. आणि पाय सपाट असेल तर कमानीला टेकू देणारा सुकतळा, म्हणजे इनसोल, घ्या, हा सल्ला ठरलेला. मोठ्या दुकानांत आता फरशीच्या जागी तळपायाचा रंगीत नकाशा काढणारी यंत्रं आली आहेत, पण तर्क तोच.

अमेरिकी सैन्यात हा तर्क तपासला गेला, सुकतळ्यांवर नव्हे तर बुटांवर. लष्कर, हवाई दल आणि मरीन कोअर या तिन्हींकडे नव्याने भरती झालेल्या हजारो जवानांचे दोन गट केले. एका गटाला तळपायाच्या आकारानुसार बूट दिले, दुसऱ्याला सरसकट एकाच प्रकारचे. २००९-१० मध्ये निष्कर्ष छापून आले: दुखापतींच्या प्रमाणात म्हणण्यासारखा फरक नाही.

यात नवल नाही, कारण ठसा उभ्या पायाचा असतो आणि बूट चालणाऱ्या पायात असतो. पावलात २६ हाडं असतात, आणि टाचेपासून बोटांच्या मुळापर्यंत प्लांटर फॅशिया नावाचा चिवट पट्टा असतो. टाच उचलून भार चवड्यावर आला की बोटं वर वळतात, पट्टा ताणला जातो, टाच आणि चवडा एकमेकांकडे ओढले जातात आणि कमान आपोआप उंचावते. जे. एच. हिक्स यांनी १९५४ मध्ये ही क्रिया रहाटावर गुंडाळल्या जाणाऱ्या दोराच्या रूपात मांडली. उभं असताना सपाट दिसणारा पाय टाच उचलताच कमानदार होत असेल आणि दुखत नसेल, तर त्यावर खर्च कशाला? लहान मुलांच्या बाबतीत तर घाई नकोच. त्यांची कमान वाढत्या वयात घडते. राव आणि जोसेफ या भारतीय डॉक्टरांनी १९९२ मध्ये २३०० मुलांचे ठसे तपासले, तेव्हा बूट-चपला वापरणाऱ्यांत ८.६ टक्के, तर अनवाणी फिरणाऱ्यांत २.८ टक्के पाय सपाट निघाले.

मग निवडायचं कशावरून? मला पटणारं उत्तर कॅनडातून आलं. तिथल्या २०६ सैनिकांवर झालेला, २००१ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग आहे. एका गटातल्या सैनिकांसमोर सहा प्रकारचे सुकतळे ठेवून ज्याला जो सुखाचा वाटेल तो घ्यायला सांगितलं. आवडी वेगवेगळ्या निघाल्या, आणि नुसत्या बुटावर राहिलेल्यांपेक्षा या गटात दुखणी कमी झाली. पायाच्या मापाने बनवलेला महागडा सुकतळाच हवा असंही नाही. सकाळचं पहिलं पाऊल टाकताना टाचेत कळ येणाऱ्या १३५ जणांवर ऑस्ट्रेलियात अभ्यास झाला (२००६). मापाचे आणि तयार इनसोल तीन महिन्यांनी थोडेफार उपयोगी ठरले, वर्षभरानंतर मात्र साध्या पातळ फोमच्या मानाने त्यांचा वेगळा फायदा उरला नाही.

म्हणून दुकानात अंगठ्याने दाबून मऊपणा बघू नका. अंगठ्याखाली लोण्यासारखा वाटणारा फोम अख्ख्या शरीराच्या भाराखाली पार बसतो. संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना जा. नेहमीचे मोजे आणि बूट बरोबर न्या. बुटातला मूळ सुकतळा निघत असेल तर आधी काढा, नाहीतर आतली जागा कमी होऊन बोटं चेमटतात आणि टाच वर सरकून निसटते. मग चाला, जिना चढा-उतरा. ‘सवय होईल’ या विक्रेत्याच्या आश्वासनापेक्षा पायाचं ऐका.

पण पाय बोलतच नसेल तर? मधुमेहात किंवा कुष्ठरोगात संवेदना गेलेल्या तळव्याला सगळेच इनसोल सुखाचे वाटतात. वेल्लोरला कुष्ठरुग्णांवर काम करणारे डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिलं, की अशा पायाच्या जखमा रोगाने मांस झडून होत नाहीत. एकाच जागी पुन्हा पुन्हा पडणारा दाब कळत नाही, म्हणून होतात. त्यातून एमसीआर चपलेचा वापर रुजला. मायक्रोसेल्युलर रबरात हवेचे असंख्य बारीक कप्पे असतात, त्यामुळे दाब एका बिंदूवर न साचता पसरतो. अशा रुग्णाने सुकतळा स्वतःच्या पसंतीने घेऊच नये. आधी डॉक्टरांकडून १० ग्रॅम दाबाला वाकणाऱ्या नायलॉनच्या तंतूने तळव्याची चाचणी करून घ्यावी.

आपल्याकडे आणखी एक अडचण आहे, जी परदेशी सल्ल्यांत सापडत नाही. आपली पादत्राणं दाराबाहेर राहतात. दिवसातले कितीतरी तास पाय कडक फरशीवर, देवळात गेलं तर तापलेल्या दगडावरही. बधिर पायासाठी घरात वापरायचा एमसीआरचा वेगळा जोड हवाच. आणि कुठलाही जोड पायात घालण्याआधी आत हात फिरवून खडा, खिळा, सुकतळ्याची दुमडलेली कड चाचपून बघावी. नजर अधू असेल तर हे काम घरातल्या दुसऱ्या कुणी करावं.