नवीन पीसी बांधला, वायरचं नेट लागत नाही : आणि 'जुन्या लॅपटॉपवर तर चालतंय की!'

ज्यांना ऐकायला वेळ नाही त्यांच्यासाठी हा भाग लिहून देतोय. बोलतानाचे 'म्हणजे' आणि 'बरं का' जमतील तेवढे काढलेत, राहिलेले चालवून घ्या. कमांड मी उच्चारासारख्या लिहितोय, टाइप करताना इंग्रजीत करा.

आजचा विषय छोटा वाटतो, पण माणसाचे पैसे आणि आठवडे खातो. नवीन पीसी असेंबल केला, विंडोज टाकलं, मागे नेटची वायर लावली आणि नेट नाही. मग काय होतं, तर तिघांची टोलवाटोलवी. पार्ट विकणारा म्हणतो नेटवाल्याला विचारा. नेटवाला म्हणतो आमची लाइन ओके आहे. आणि मग कोणीतरी जुना लॅपटॉप आणून तीच वायर त्याला लावतो, नेट चालतं, आणि निकाल लागतो : मदरबोर्ड खराब. बोर्ड काढा, पॅक करा, पाठवा, पंधरा दिवस वाट बघा.

माझं म्हणणं एवढंच आहे की ही जुन्या लॅपटॉपची टेस्ट दिसते तेवढी पक्की नाही. तिच्यातून 'लाइनमध्ये नेट येतंय' एवढंच कळतं. नवीन बोर्ड खराब आहे असं मुळीच सिद्ध होत नाही. कारण त्या जुन्या लॅपटॉपकडे तीन गोष्टी आधीपासून असतात ज्या नव्या पीसीकडे नसतात. त्या तीन गोष्टींभोवतीच आजचा भाग आहे.

उदाहरण घरचंच देतो. माझा मामेभाऊ विश्रामबागेत राहतो, वालचंद कॉलेजपासून चालत जाण्याच्या अंतरावर. लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो. जुना लॅपटॉप फोर-के फुटेजला दम टाकायला लागला म्हणून त्यानं पीसी बांधला. काही पार्ट ऑनलाइन, काही इथल्या दुकानातून. चाळीस जीबीची फाइल दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत पार्टीला पाठवायची होती आणि फोन आला, "दादा, नेट लागंना. दुकानदार म्हणतोय बोर्ड गेलाय. परत करायला दोनच दिवस राहिलेत."

मी म्हटलं, "पॅक करू नकोस अजून. मागं बघ, पोर्टचे लाइट लागलेत का?"

हा पहिला प्रश्न नेहमी हाच. लॅन पोर्टच्या दोन बाजूंना दोन छोटे दिवे असतात. त्यांना विंडोज लागत नाही, ड्रायव्हर लागत नाही. बऱ्याच बोर्डांवर पीसी बंद असला तरी, मागचं स्विच चालू असेल तर ते पेटतात. दिवा पेटला म्हणजे वायरच्या दोन्ही टोकांनी एकमेकांना ओळखलं. त्याचा दिवा पेटत होता. म्हणजे पोर्टमध्ये जीव आहे हे तिथंच कळलं.

दिवा अजिबात नसेल तर आधी फालतू वाटणाऱ्या गोष्टी बघा. नव्या बिल्डमध्ये हमखास होणारा एक प्रकार म्हणजे मागची पत्र्याची पट्टी, आय-ओ शील्ड. तिला आत वळलेल्या छोट्या पाकळ्या असतात. बोर्ड बसवताना एखादी पाकळी लॅन पोर्टच्या आत शिरते. मग वायरची पिन पूर्ण बसत नाही किंवा पाकळी आतल्या पिनांना टेकते. टॉर्च मारून बघा. शिरली असेल तर पीसी बंद करून बोर्ड सैल करा आणि पाकळी बाहेर वळवा. दुसरं, बायोसमध्ये 'ऑनबोर्ड लॅन' बंद आहे का ते बघा. तिसरं, ओएनयूवर, म्हणजे फायबर येऊन थांबतो त्या डबीवर, 'लॉस' लिहिलेला लाल दिवा पेटलाय का? तो लाल असेल तर फायबरच तुटलाय, तुमचा पीसी कितीही चांगला असो. तेव्हा नेटवाल्याला फोन करा आणि 'लॉस लाल आहे' एवढंच सांगा. या एका वाक्यानं 'रीस्टार्ट करून बघा' वाला अर्धा तास वाचतो.

आता लॅपटॉपकडची पहिली गोष्ट, ड्रायव्हर.

भावाला डिव्हाइस मॅनेजर उघडायला सांगितलं. 'नेटवर्क अडॅप्टर'खाली लॅनचं नावच नव्हतं. वर 'अदर डिव्हायसेस'मध्ये पिवळं चिन्ह आणि 'इथरनेट कंट्रोलर'. दुकानातल्या मुलानं जुन्या पेनड्राइव्हवरून विंडोज १० टाकून दिलं होतं. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, पण ते पेनड्राइव्ह अजून फिरतायत. आजकालच्या बोर्डांवर २.५ गिगाबिटची लॅन चिप असते आणि जुन्या विंडोजच्या पोटात तिचा ड्रायव्हर नसतो. लॅपटॉपची चिप जुनी, तिचा ड्रायव्हर विंडोजबरोबरच आलेला. म्हणून तिथं नेट 'आपोआप' लागतं.

पेच असा की ड्रायव्हर उतरवायला नेट पाहिजे आणि नेटला ड्रायव्हर पाहिजे. सुटका खिशातच आहे. अँड्रॉइड फोन चार्जिंगच्या वायरनं पीसीला जोडा आणि सेटिंगमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करा. विंडोजला त्यासाठी सहसा वेगळा ड्रायव्हर लागत नाही, फोनच लॅन कार्ड बनतो. वायर मात्र डेटावाली हवी, नुसती चार्जिंगची नको. विंडोज ११ टाकताना 'नेटवर्कला जोडा' या पडद्यावर अडकलेल्यांचीही बहुतेक वेळा यानंच सुटका होते. यूट्यूबवर तो पडदा चुकवायच्या कमांड सांगतात, पण मायक्रोसॉफ्ट त्या एकेक करून बंद करत चाललंय. टेदरिंग सोपं.

मग बोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवर जायचं, आपलं मॉडेल शोधायचं, लॅन ड्रायव्हर घ्यायचा. 'सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये' देणारी सॉफ्टवेअरं कृपा करून टाकू नका. बरोबर एखादा नको असलेला पाहुणा घेऊन येतात. चिप कोणाची हे कळत नसेल तर पिवळ्या चिन्हावर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, डिटेल्स, हार्डवेअर आयडी. तिथं 'व्हेन' नंतर १०ईसी असेल तर रिअलटेक, ८०८६ असेल तर इंटेल. (हो, तोच ८०८६, १९७८ चा प्रोसेसर. इंटेलनं आपली ओळख म्हणून तोच नंबर ठेवलाय. मला हे भारी वाटतं.)

भावानं ड्रायव्हर टाकला. "दादा, आलं! ... नाही, 'नो इंटरनेट' म्हणतंय."

लॅपटॉपकडची दुसरी गोष्ट, ओळख.

कमांड प्रॉम्प्टमध्ये आयपीकॉन्फिग, स्पेस, स्लॅश, ऑल. इथरनेटच्या खाली आयपीव्ही४ चा पत्ता बघायचा. १९२.१६८ नं सुरू होत असेल तर राउटरनं तुम्हाला पत्ता दिलाय. १६९.२५४ नं सुरू होत असेल तर कोणीच पत्ता दिला नाही म्हणून विंडोजनं स्वतःच एक टेकू लावून घेतलाय. बहुतेक ठिकाणी एवढंच सांगून सोडतात की १६९ म्हणजे बिघाड. पण आपल्याकडे थोडं वेगळं होतं.

आपल्या गावांमध्ये बऱ्याच घरांत वेगळा राउटर नसतो. ओएनयू 'ब्रिज' मोडवर असतो आणि वायर सरळ कॉम्प्युटरला. नेट चालू करायला डायलर असतो, यूजर आयडी आणि पासवर्डवाला, ज्याला पीपीपीओई म्हणतात. अशा घरात डायल करण्याआधी १६९ दिसणं अगदी नॉर्मल आहे. लॅपटॉपवर तो डायलर चार वर्षांपूर्वी कोणीतरी बनवून 'सेव्ह पासवर्ड' केलेला असतो, आणि पासवर्ड होता हेच घरात कोणाच्या लक्षात नसतं. नव्या पीसीवर तो बनवावा लागतो : नेटवर्क अँड शेअरिंग सेंटर, नवीन कनेक्शन, ब्रॉडबँड.

भावानं पासवर्ड शोधला (आत्याच्या वहीत होता, दुधाच्या हिशेबाच्या पानावर), डायल केलं, आणि एरर ६९१ आला. ६९१ म्हणजे पलीकडच्या सर्व्हरनं तुमचं ऐकलं आणि 'नाही' म्हटलं. एरर ६५१ असता तर सर्व्हरपर्यंत पोचलोच नाही असा संशय घेता आला असता. हा फरक मोठा आहे. 'नाही' ऐकू आलं म्हणजे बोर्ड, ड्रायव्हर, वायर या सगळ्यांमधून निरोप गेला आणि परत आला. त्या क्षणी मदरबोर्ड निर्दोष सुटला. मी त्याला म्हटलं, "खोकं माळ्यावर ठेव."

पासवर्ड बरोबर असून ६९१ का? कारण प्रत्येक लॅन पोर्टला स्वतःचा मॅक ॲड्रेस असतो, आणि बरेच लोकल ऑपरेटर तुमचं अकाउंट त्या एका ॲड्रेसला बांधून ठेवतात. शेजाऱ्यानं तुमचा पासवर्ड वापरू नये म्हणून. त्यांच्या नोंदीत जुना लॅपटॉप आहे, नवा पीसी त्यांच्या लेखी परका माणूस. उपाय फोनवर होतो. 'नेट लागत नाही' असं नाही म्हणायचं. म्हणायचं, "मशीन बदललंय, ६९१ येतोय, मॅक रीसेट करा." नवा नंबर मागितला तर आयपीकॉन्फिगमध्येच 'फिजिकल ॲड्रेस' म्हणून दिसतो. भावाच्या ऑपरेटरकडच्या माणसानं आधी सवयीनं "आमच्याकडनं ओके आहे" म्हटलं, पण हे वाक्य ऐकल्यावर "थांबा, करतो" म्हणाला. दोन मिनिटांत नेट चालू.

ज्यांच्याकडे दोन-तीन मशीन आहेत त्यांनी साधा राउटर घ्यावा हे माझं स्पष्ट मत. डायलिंग राउटर करतो, ऑपरेटरला फक्त राउटर दिसतो, आत कितीही पीसी बदला.

इथं बरेच जण थांबतात. नेट आलं ना, झालं. पण भावाचा प्लॅन २०० एमबीपीएसचा, अपलोडही तेवढाच, आणि स्पीड टेस्ट ९४ च्या वर जाईना. "जुन्या लॅपटॉपवर पण एवढाच यायचा," तो म्हणाला, म्हणजे त्याला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. मला ९४ हा आकडा ऐकूनच कळलं, कारण १०० च्या लिंकवर प्रत्यक्षात तेवढंच मिळतं.

ही तिसरी गोष्ट, आणि मला सगळ्यात आवडणारी : वायरच्या आतल्या तारा.

लॅन वायरमध्ये आठ तारा, चार जोड्या. १०० एमबीपीएसला त्यातल्या दोनच जोड्या लागतात, पिन १-२ आणि ३-६. गिगाबिटला, म्हणजे १९९९ च्या स्टँडर्डपासून, चारही लागतात. जुन्या लॅपटॉपचा पोर्ट १०० चाच. त्यामुळे निळी किंवा तपकिरी जोडी तुटली असली तरी त्याला पत्ताही लागत नाही, तो त्या तारांकडे बघतच नाही. नवा पोर्ट चारही मागतो. मिळाल्या नाहीत तर काही पोर्ट शहाण्यासारखे १०० वर उतरतात. काही मात्र जोडतात-तुटतात, जोडतात-तुटतात असं करत बसतात, किंवा दिवाच लावत नाहीत. म्हणजे एकच वायर जुन्या मशीनला 'चांगली' आणि नव्याला 'खराब' असू शकते! आणि दोष जातो बोर्डावर.

तपासायला सेटिंगमध्ये इथरनेटवर क्लिक करून 'लिंक स्पीड' बघा. १००/१०० दिसलं आणि दोन्ही बाजूंचे पोर्ट गिगाबिटचे असतील, तर वायर बदला. आधी ओएनयूवर पोर्ट कोणता गिगाबिटचा आहे ते मात्र बघून घ्या, काही डब्यांत चारपैकी एकच असतो. वायर घेताना पूर्ण तांब्याची कॅट ६ मागा. स्वस्तातल्या वायरीत ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा असतो, ती लवकर तुटते. भिंतीतून गेलेली वायर असेल तर आधी दोन्ही टोकांचे प्लग नवे क्रिंप करून बघा. रंग : पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. निळ्याचा आणि हिरव्याचा क्रम लोक सरळ लावतात आणि तिथंच फसतात. हिरवी जोडी निळ्या जोडीच्या दोन बाजूंना बसते.

भावाच्या एका प्लगमध्ये तपकिरी तार पिनपर्यंत पोचलीच नव्हती. नवा प्लग लावला, लिंक १००० झाली, फाइल साधारण अर्ध्या तासात गेली. १०० वर तास गेला असता, म्हणजे फार फरक नव्हता म्हणा, पण दर आठवड्याला चार लग्नं असली की जाणवतं.

अजून दोन-तीन किरकोळ. नेट लागलंय, पिंग ८.८.८.८ ला उत्तर येतंय, पण नावानं पिंग केलं की येत नाही : डीएनएस बदला, ८.८.८.८ किंवा १.१.१.१ टाका. नावानंही पिंग होतं, पण ब्राउझर प्रत्येक साइटला 'सुरक्षित नाही' म्हणून अडवतो : घड्याळ बघा. नव्या बोर्डाची तारीख कधीकधी भलत्याच वर्षात असते, आणि तारीख चुकली की साइटची सर्टिफिकेटं चुकीची ठरतात. पीसी बंद केल्यावर तारीख परत मागे जात असेल तर बोर्डावरचा सीआर २०३२ सेल बदला.

सेकंडहँड बोर्ड घेणाऱ्यांसाठी एक. इंटेलची आय२२५-व्ही नावाची २.५ गिगाबिटची चिप आहे, तिच्या सुरुवातीच्या आवृत्तीत खरोखरच खोट होती. काही राउटर-स्विचबरोबर २.५ वर पॅकेट गळायचे. हे २०२० मध्ये उघड झालं आणि पुढच्या आवृत्तीत दुरुस्त झालं. तसा बोर्ड हातात आला आणि नेट अडखळत असेल तर अडॅप्टरच्या ॲडव्हान्स्ड टॅबमध्ये 'स्पीड अँड डुप्लेक्स' १ गिगाबिटवर ठेवा. घरच्या प्लॅनला तेवढं पुरतं.

आणि बोर्ड खरंच गेलाय हे कधी म्हणायचं? एक पेनड्राइव्ह घ्या, त्यावर ताजं उबुंटू टाका, इन्स्टॉल न करता 'ट्राय' वर चालवा. वायर नवी, दुसऱ्या टोकाला चांगला राउटर, म्हणजे मॅक आणि डायलरची भानगड मध्ये नाही. आय-ओ पाकळी बघितलेली, बायोसमध्ये लॅन चालू. तरी उबुंटूला पोर्ट दिसत नाही किंवा दिवा लागत नाही, तर पोर्ट गेलाय. मग स्क्रीनचा फोटो काढा आणि दुकानदाराला पाठवा. तोवर परतीची मुदत टळत असेल तर नुसत्या पोर्टसाठी सगळा पीसी उकलायच्या आधी दुकानात यूएसबीचं गिगाबिट लॅन अडॅप्टर मागून बघा. वॉरंटीचं काम सावकाश करता येतं आणि मधल्या काळात धंदा बंद राहत नाही.