‘मुंगूस’ शब्दाची व्युत्पत्ती

इंग्रजी भाषेतील ‘मंगूस’ हा शब्द मराठी ‘मुंगूस’वरून आला, असे आपण अभिमानाने सांगतो. हे विधान यथार्थ आहे. परंतु त्याने शब्दाच्या इतिहासाचा अर्धाच भाग उलगडतो.

इंग्रजीच्या आरंभीच्या व्युत्पत्तिकोशांची भिस्त ध्वनिसाम्यावर व आख्यायिकांवर फार असे. जॉन मिन्शू याने १६१७ च्या आपल्या कोशात लंडनकराचे वाचक जे ‘कॉक्नी’ हे पद, त्याची उपपत्ती एका गोष्टीवरून लावली : शहरी मुलाने घोड्याचे खिंकाळणे ऐकून कोंबडाही खिंकाळतो काय, असे विचारले! ‘मंगूस’च्या अंती हंसवर्गीय पक्ष्याचे ‘गूस’ हे नाव ऐकू येते. या पद्धतीने तेथेही एखादी पक्ष्याची कथा सहज रचता आली असती.

पुढील कोशकारांनी लिखित पुरावा प्रमाण मानला. जॉन फ्रायर या इंग्रज वैद्याच्या १६९८ साली प्रसिद्ध झालेल्या प्रवासवृत्तात हा शब्द आढळतो. यूल व बर्नेल यांनी १८८६ च्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ कोशात असे उतारे कालक्रमाने मांडले. त्यांनी तेलुगू रूप प्रथम दिले आणि दख्खनी व मराठी रूपाचीही नोंद केली. अर्वाचीन इंग्रजी कोश सामान्यतः मराठीचा निर्देश करतात.

मग तेलुगू रूपाची वाट काय? येथे शेजारच्या भाषांकडे पाहिले पाहिजे. संस्कृत ‘नकुल’ शब्दाची परंपरा हिंदी ‘नेवला’ व गुजराती ‘नोळियो’ यांत टिकली. मराठीचा रूढ शब्द तिच्यातील नव्हे. उलट तेलुगूत ‘मुंगिस’ व कन्नडात ‘मुंगुसी’ हे शब्द आहेत. उत्तरेकडील भगिनीभाषांत नसलेला आणि दक्षिणेकडील भाषांत असलेला हा शब्द मराठीने द्राविडी शेजाऱ्यांकडून घेतला असावा, हे अनुमान त्यामुळे सयुक्तिक ठरते.

तात्पर्य, शब्द कोणत्या भाषेतून आला आणि त्याचे मूळ कोठे, हे प्रश्न भिन्न आहेत. कृ. पां. कुलकर्णी यांच्या १९४६ च्या ‘मराठी व्युत्पत्ति कोशा’चा उपयोग करतानाही हा विवेक आवश्यक आहे. नवी मुंबईच्या खाडीकाठी मुंगूस आजही दिसते; इंग्रजीस त्याचे नाव देणाऱ्या मराठीने ते स्वतः शेजाऱ्यांकडून घेतले असल्यास तिला त्यात उणेपणा नाही.