बोटावरचा लाल दिवा

हकीमसाहेब रुग्णाच्या मनगटावर बोटे ठेवून शांत बसतात, हे तुम्ही पाहिले असेल. निदान घरातील वडीलधाऱ्यांकडून ऐकले तरी असेल. उर्दूत आपण जिला नब्ज म्हणतो, तिला मराठीत नाडी म्हणतात. सुमारे हजार वर्षांपूर्वी इब्न सीना यांनी 'अल-कानून' या आपल्या वैद्यकीय ग्रंथात नाडीपरीक्षेचे सविस्तर विवेचन केले आहे. पण हात उचलला की ही परीक्षा थांबते. रात्रभर, क्षणाक्षणाला नाडी मोजत बसणे माणसाला शक्य नाही. ते काम आता संगणक करतो.

काही वर्षांपूर्वी माझे वडील आजारी पडले, तेव्हा आम्ही त्यांना साताऱ्याहून मिरजेला नेले. सांगली जिल्ह्यातील मिरज हे गाव सतारींसाठी जितके प्रसिद्ध, तितकेच दवाखान्यांसाठीही. १८९४ साली डॉ. विल्यम वानलेस यांनी तेथे रुग्णालय सुरू केले. तेव्हापासून दूरदूरचे रुग्ण मिरजेची वाट धरतात.

अब्बांना अतिदक्षता विभागात ठेवले होते. उशाशी मॉनिटर होता. छातीवर चिकटवलेल्या चकत्या हृदयातील सूक्ष्म विद्युतलहरी टिपत होत्या आणि पडद्यावर त्यांची रेषा उमटत होती. या रेषेच्या दोन शिखरांमधील वेळ मोजून संगणक ठोके काढतो. तुम्हीही काढून पाहा. दोन शिखरांमध्ये ०.७५ सेकंदाचे अंतर असेल, तर ६० ला ०.७५ ने भागा. मिनिटाला ८० ठोके! आकडा ठरवून दिलेल्या मर्यादेबाहेर गेला, की यंत्र मोठ्याने वाजू लागते.

अब्बांच्या बोटाला एक चिमटाही लावला होता. त्यात लाल दिवा होता. असाच चिमटा तुमच्या घरीही येऊन गेला असेल. सप्टेंबर २०२० मध्ये कोरोनाच्या साथीत 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' ही मोहीम सुरू झाली, तेव्हा आरोग्य पथके तो घेऊन घरोघर फिरत होती. त्याचे नाव पल्स ऑक्सिमीटर. ही युक्ती जपानच्या ताकुओ आओयागी यांनी १९७४ च्या सुमारास शोधली. चिमटा बोटातून तांबडा प्रकाश आणि डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण सोडतो. ऑक्सिजन घेतलेले हिमोग्लोबिन तांबडा प्रकाश बराचसा जाऊ देते आणि अवरक्त किरण अधिक शोषते. ऑक्सिजन नसलेले हिमोग्लोबिन नेमके उलट वागते. पलीकडे कोणता प्रकाश किती पोहोचला, यावरून संगणक ऑक्सिजनचे शेकडा प्रमाण सांगतो. निरोगी माणसात ते साधारण ९५ ते १०० असते.

पहिल्याच रात्री यंत्र वाजू लागले. आकडा होता ८२! माझ्या पायांतले बळ गेले. सिस्टर आल्या. त्यांनी पडद्याकडे नव्हे, आधी अब्बांकडे पाहिले. ओठांचा रंग पाहिला, श्वास पाहिला. मग हात हाती घेतला. तो बर्फासारखा गार होता. त्यांनी तो चोळून ऊबदार केला, चिमटा दुसऱ्या बोटाला लावला. आकडा ९७ झाला. गार बोटात रक्त कमी फिरते, म्हणून यंत्र फसते. गडद नेलपॉलिश किंवा काळी मेंदी असली तरी ते चुकू शकते. त्वचेच्या रंगाचाही परिणाम होतो. २०२० साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, कमी झालेला ऑक्सिजन यंत्राच्या नजरेतून सुटण्याचे प्रमाण कृष्णवर्णीय रुग्णांत गोऱ्यांच्या जवळजवळ तिप्पट आढळले.

संगणक मोजतो तसा रोग ओळखण्यातही मदत करतो. इंग्लंडमधील लीड्स शहरात डॉ. डी डोम्बल यांनी पोटदुखीच्या शेकडो रुग्णांची लक्षणे संगणकात भरली. १९७२ साली त्यांनी ३०४ रुग्णांवरील निष्कर्ष प्रसिद्ध केले. संगणकाचे निदान शंभरात सुमारे ९२ वेळा बरोबर आले, तर अनुभवी डॉक्टरांचे सुमारे ८० वेळा. पण हेच गणित दुसऱ्या देशात वापरले, तेव्हा उत्तरे तितकी बरोबर येईनात. कारण उघड आहे. संगणक ज्या रुग्णांवरून शिकला, तसेच रुग्ण त्याला ओळखता येतात. आता छातीच्या एक्स-रेवरून क्षयरोगाचा संशय दाखवणारे संगणकीय कार्यक्रमही आले आहेत. १५ वर्षांवरील व्यक्तींच्या तपासणीत ते वापरण्यास जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये मान्यता दिली. तरी क्षयरोग पक्का ठरवण्यासाठी पुढे थुंकीची तपासणी लागतेच.

तिसऱ्या रात्री यंत्र पुन्हा वाजले. आकडा ८४. अब्बा शांत झोपलेले दिसत होते. आता मी शहाणा झालो होतो ना! "सिस्टर, हात गार पडला असेल," मी म्हणालो. त्यांनी हात पाहिला. तो ऊबदार होता. त्यांनी अब्बांच्या श्वासाकडे पाहिले, लगेच मास्क लावला आणि डॉक्टरांना बोलावले. या वेळी यंत्र खरे सांगत होते, चुकलो होतो मी.

पहाटे आकडा ९५ वर आला. थोड्या वेळाने अब्बांनी डोळे उघडले आणि मास्क बाजूला करून चहा मागितला.