शंभर कणांचा उजेड

एक वॅट हिरवा प्रकाश म्हणजे दर सेकंदाला 25वर 17 शून्यं इतके फोटॉन, प्रकाशाचे सुटे कण. त्यातले शंभरच ठेवा. अंधाराला सरावलेल्या डोळ्याला तेवढेही पुरतात.

हे मोजलं न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात सेलिग हेक्ट, सायमन श्लेअर आणि मॉरिस पिरेन यांनी. निबंध 1942 साली छापून आला. प्रयोगातले काही डोळेही त्यांचेच. आधी निदान अर्धा तास मिट्ट काळोखात बसायचं. मग सेकंदाच्या हजाराव्या भागापुरता निळसर-हिरवा ठिपका चमकायचा आणि दिसला की नाही ते सांगायचं. ठिपका नजरेच्या मधोमध नव्हे, 20 अंश बाजूला. कारण अंधारात काम करणाऱ्या दंडपेशी मधोमध नसतातच. (25 लाख प्रकाशवर्षांवरची देवयानी दीर्घिका शोधणारे आकाशनिरीक्षक तिच्याकडे तिरक्या नजरेनं पाहतात ते याचसाठी.)

ठिपका जेमतेम जाणवायला पारपटलावर 54 ते 148 फोटॉन लागले. काही तिथूनच परतले, जवळजवळ निम्मे वाटेत शोषले गेले, उरलेल्यांतले बरेचसे दंडपेशींना चुकवून पलीकडे गेले. हिशेबाअंती कामी आले फक्त 5 ते 14. आणि ठिपका पसरला होता सुमारे 500 दंडपेशींवर! इतक्या पेशींत एवढेसे फोटॉन विखुरले, तर एकीच्याच वाट्याला दोन येणं दुर्मीळ. म्हणजे प्रत्येक पेशी एकेका फोटॉननं जागी होत होती. प्रकाशाचा एकाहून लहान तुकडा नसतो. पेशीला याहून तीक्ष्ण व्हायला निसर्गात जागाच नाही. पेशीला हातही न लावता, केवळ ‘दिसला’ आणि ‘नाही’ या उत्तरांवरून हे काढलं, याला माझ्या मते तोड नाही.

मग पाच तरी कशाला लागावेत? एका दंडपेशीत फोटॉन टिपताच उलटणाऱ्या ऱ्होडॉप्सिन या द्रव्याचे सुमारे 10 कोटी रेणू असतात. प्रकाशाविना एखादा रेणू आपोआप उलटायला सरासरी शेकडो वर्षं जातात. पण रेणूच इतके, की प्रत्येक पेशीत दोन-तीन मिनिटांनी एक खोटी वर्दी निघतेच. अशा पेशी डोळ्यात जवळपास 10 कोटी. म्हणजे पूर्ण अंधारात दर सेकंदाला लाखो खोट्या वर्दी! त्यांतून खरा उजेड निवडायचा, तर एकाच जागेहून, एकाच क्षणी काही वर्दी मिळून याव्या लागतात.