छुपा रुस्तम हेरायचा कसा?

महाराष्ट्र केसरीच्या तारखा जाहीर झाल्या की कोल्हापुरात गंगावेशीपासून शाहूपुरीपर्यंत एकच चर्चा सुरू होते : यंदा गदा कुणाची? दोन-तीन नावं सगळ्यांच्या तोंडी असतात. ती सांगायला अभ्यास लागत नाही. अभ्यास लागतो तो चौथं-पाचवं नाव शोधायला, म्हणजे फारसं कुणी घेत नाही पण गदा मारण्याची ताकद आहे असा मल्ल हेरायला. परदेशात गोल्फच्या व्यावसायिक स्पर्धांवर असे अंदाज बांधणारी माणसं आकडेमोड करून बसलेली असतात. त्यांचा हिशेब आपल्या कुस्तीला चांगला लागू पडतो. एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. कुस्तीवर पैसे लावणं हा आपल्याकडे गुन्हा आहे आणि इथे त्याचा विचारही नाही. मित्रांमध्ये गुणांची पैज लावा, डोक्याला तेवढं काम पुरतं.

सुरुवात फेव्हरिटपासून करू. समजा, एका विभागात ३२ मल्ल आहेत. विभाग जिंकायला ५ कुस्त्या लागतात आणि गदेसाठी सहावी. आपला फेव्हरिट इतका तगडा आहे, की कुणाशीही लढला तरी दहापैकी आठ वेळा जिंकेल. त्याच्याकडे गदा जाण्याची शक्यता किती? बहुतेक जण ८० टक्केच धरून चालतात. पण सहाही कुस्त्या ओळीने जिंकायच्या असल्यामुळे ०.८ ला ०.८ ने गुणत सहाव्या कुस्तीपर्यंत जावं लागतं आणि उत्तर येतं २६ टक्के. म्हणजे चार वर्षांत जेमतेम एकदा. बाकीच्या तीन वर्षांत गदा दुसराच कुणीतरी उचलणार, आणि त्या ‘दुसऱ्या’ची जागा मोठी असते.

गोल्फमध्ये ती आणखी मोठी. मोठ्या स्पर्धेत दीडशेच्या आसपास खेळाडू चार दिवस एकाच वेळी झुंजतात. २००३ ची ब्रिटिश ओपन बेन कर्टिस या अमेरिकन खेळाडूने जिंकली, तेव्हा तो जागतिक क्रमवारीत ३९६ वा होता. कुस्तीत असा चमत्कार सहसा होत नाही, कारण समोरासमोरच्या झुंजीत कमकुवत मल्ल लवकर उघडा पडतो. म्हणून आपला छुपा रुस्तम अगदी तळातला नसतो, तो पहिल्या आठ-दहांतलाच पण नजरेआड राहिलेला असतो.

आता त्याचा गदेपर्यंतचा मार्ग तपासायचा. महाराष्ट्र केसरीची रचना इथे नीट ध्यानात घ्यावी लागते. माती आणि गादी असे दोन स्वतंत्र विभाग असतात आणि दोन्हींचे विजेते शेवटी गदेसाठी भिडतात, तेही गादीवर. त्यामुळे गादीतले दोन दिग्गज अंतिम कुस्तीत कधीच समोरासमोर येऊ शकत नाहीत. त्यांतला एक आधीच घरी गेलेला असतो. मातीतून येणाऱ्याला मात्र अखेरची कुस्ती परक्या जागेवर लढावी लागते. कोण कुणाशी लढणार हे सांगणारी भाग्यपत्रिका हाती आली, की आपल्या मल्लाच्या वाटेत कोण कोण येतं ते बोट ठेवून बघावं.

एक उदाहरण करून पाहू. आपला मल्ल पहिली कुस्ती ८० टक्के, पुढच्या अनुक्रमे ७५, ७०, ६० आणि ५५, आणि अखेरची ४० टक्के जिंकेल असं धरलं. सगळ्यांचा गुणाकार होतो साडेपाच टक्के, म्हणजे अठरात एक. आकडा लहान वाटतो, पण खरा प्रश्न आहे तो लोक त्याला किती मानतात हा. दहा मित्रांनी प्रत्येकी १० गुण टाकले आणि बरोबर नाव सांगणाऱ्यांनी ते १०० वाटून घ्यायचे ठरवलं. तुमच्यासह सात जण फेव्हरिटवर असतील, तर तो जिंकल्यावर तुमच्या वाट्याला येतात १४. त्याच्या २६ टक्क्यांनी गुणलं तर सरासरी पावणेचार गुण पडले. छुप्या रुस्तमाचं नाव तुम्ही एकट्यानेच घेतलं असेल तर शंभरच्या शंभर तुमचे, सरासरी साडेपाच. कमी शक्यतेचं नाव जास्त फायद्याचं ठरलं, ते केवळ गर्दी दुसरीकडे असल्यामुळे. त्याच मल्लाचं नाव आणखी एकाने घेतलं, की सरासरी पावणेतीनवर येते आणि मजा संपते.

हे टक्के ठरवायचे कशावरून? इथे जुन्या वस्तादांची नजर आणि ताजी माहिती दोन्ही लागतात. मैदानातलं नाव आणि स्पर्धेतली ताकद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आधी मान्य करावं. १९१२ साली शाहू महाराजांनी उभारलेल्या खासबागेत निकाली कुस्ती गाजते. तिथे गुण नाहीत, चितपट हाच निकाल, आणि झुंज लांबली तर दमसासाचा कस लागतो. स्पर्धेत तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या. पट काढून ताबा घेतला की २ गुण, उभ्याने थेट पाठीवर फेकलं की ४, रिंगणाबाहेर गेला की समोरच्याला १, दहाची आघाडी झाली की कुस्ती तिथेच संपते. जो नुसता अंग चोरून उभा राहतो त्याला ३० सेकंदांची मुदत मिळते. तेवढ्यात गुण घेता आला नाही तर प्रतिस्पर्ध्याला १ गुण. मैदानात वीस मिनिटांनी ढाक मारणारा पहाड इथे दोन गुणांनी हरू शकतो. लोकांच्या मनातली यादी मात्र मैदानातल्या पोस्टरवरून तयार होते. तुमची संधी इथेच आहे.

२०२२ सालची साताऱ्याची स्पर्धा पाहा. पन्हाळा तालुक्यातल्या देवठाण्याच्या पृथ्वीराज पाटीलने अंतिम कुस्तीत मागे पडूनही विशाल बनकरला ५-४ असं हरवलं आणि २००० नंतर पहिल्यांदा गदा कोल्हापुरात आली. अनेकांना तो धक्का होता. पण ऑगस्ट २०२१ मध्ये रशियातल्या उफा इथे ज्युनिअर जागतिक स्पर्धेत ९२ किलो गटात त्याने कांस्यपदक मिळवलं होतं. ती बातमी वर्तमानपत्रात छापून आली होती. गुणांच्या नियमांत, जगातल्या उत्तम पोरांसमोर, दडपणाखाली जिंकलेलं पदक. मैदानी कीर्तीपेक्षा हा पुरावा कितीतरी भक्कम. शिवाय केसरी गटात ८६ ते १२५ किलोंचे मल्ल येतात. नव्वदीतला चपळ मल्ल अवजड गड्याला दुसऱ्या फेरीत दमवतो, हे हिशेबात धरायलाच हवं.

तालीमही पाहावी. २०२० मध्ये पुण्यात हर्षवर्धन सदगीर आणि शैलेश शेळके अंतिम फेरीत भिडले, दोघेही काका पवारांच्या तालमीतले, निकाल ३-२. आधीच्या दोन वर्षांचे विजेते, बाला रफिक शेख आणि अभिजित कटके, तिथवर पोचलेच नाहीत. एकमेकांचे डाव रोज खाणारे-खेळणारे पठ्ठे भिडले की गुण कमी होतात आणि कमी गुणांच्या कुस्तीत थोडा दुबळाही टिकून राहतो. अशा जोडीत फेव्हरिटचे ८० टक्के खाली आणून ६० करावेत.

स्पर्धा सुरू झाल्यावर पहिल्याच कुस्तीत मधल्या अर्ध्या मिनिटाच्या विश्रांतीकडे बघा. मल्ल कोपऱ्यात आल्यावर हात गुडघ्यांवर टेकतो की कमरेवर, पाण्याचा घोट घेऊन लगेच वळतो की प्रशिक्षकाने हाक मारेपर्यंत थांबतो. गुडघ्याला पट्टी असेल तर तो त्या पायावर पट काढायला जातो का, की आपला चांगला पाय मागे ठेवून उभा राहतो. हे गादीच्या कडेला बसणाऱ्यालाच दिसतं, टीव्हीवर नाही. आणि दुसऱ्या फेरीत मिळवलेले गुण वेगळे लिहून ठेवा. एका दिवसात दोन-तीन कुस्त्या खेळाव्या लागतात, त्यामुळे पहिल्या फेरीत सहा गुण घेऊन दुसरीत चार देणाऱ्यापेक्षा पहिलीत मागे राहून दुसरीत पुढे जाणारा मल्ल संध्याकाळी जास्त भरवशाचा असतो.

नावं मात्र भाग्यपत्रिका आणि वजनं झाल्याशिवाय पक्की करू नयेत. महिनाभर डोक्यात घोळवलेला मल्ल पहिल्याच कुस्तीत फेव्हरिटसमोर आला, तर त्याचे साडेपाच टक्के बरेच खाली येतात. तेव्हा त्याला सोडून, पत्रिकेच्या दुसऱ्या टोकाला मोकळी वाट मिळालेल्या मल्लाकडे वळावं.