बिलाखालची रिकामी ओळ

गेल्या वर्षी जयंतीचा कार्यक्रम आटोपल्यावर आम्ही ३८ जण, मुलेबाळे धरून, डॅलसच्या उत्तरेकडील एका रेस्टॉरंटमध्ये जेवावयास गेलो. सभागृहात दुपारभर समतेवर भाषणे झाली होती, मुलांनी नाटुकले केले होते आणि सर्वांना कडकडून भूक लागली होती. दोन वेटर, एक तरुण मुलगा व एक मध्यमवयीन बाई, तीन तास आमच्या टेबलांभोवती फिरत होते. कोणाला तिखट कमी, कोणाला कांदा नको, कोणाच्या बाळासाठी कोमट दूध. शेवटी बिल आले ११४० डॉलरचे. मोठ्या गटाच्या बिलात सेवाशुल्क आधीच धरण्याची पद्धत तेथे नव्हती. खाली टिपसाठी एक रिकामी ओळ होती, आणि त्या ओळीवर आमचे मंडळ अडले.

एकाने म्हटले, पाणी दोनदा मागावे लागले, तेव्हा दहा टक्केसुद्धा पुष्कळ झाले. दुसऱ्याने म्हटले, पगार देणे हे मालकाचे काम, ते आपल्या खिशातून का व्हावे? लेकीकडे भारतातून आलेल्या एका आजींनी वीस टक्क्यांचे रुपये करून पाहिले आणि त्या गप्पच झाल्या. मग मंडळातील एक ज्येष्ठ काका बोलले, आणि त्यांच्यापुढे कोणी बोलेना.

"माझा बाप येसकर होता," ते म्हणाले. "पाळी आली की संध्याकाळी दारोदार भाकर मागायचा. बाबासाहेबांनी आपल्याला त्यातून सोडवलं. आता मी दुसऱ्याच्या लेकराच्या हातावर चिल्लर ठेवू? मला नाही जमायचं. बक्षिसी आहे ती. देणाराही लहान होतो अन् घेणाराही."

अखेरीस ६० डॉलर लिहिले गेले. म्हणजे सव्वापाच टक्के. आम्ही जयभीम करून आपापल्या गाड्यांत बसलो. त्या रात्री आम्हांला काही चुकल्यासारखे वाटले नाही, हेही येथे नोंदवले पाहिजे.

पुढच्या रविवारी वंदनेनंतर मंडळातल्याच एका कुटुंबाच्या मुलीने हा विषय काढला. ती विद्यापीठात शिकते आणि आठवड्यातून चार संध्याकाळी एका रेस्टॉरंटमध्ये वेटरचे काम करते. आम्हांपैकी बहुतेकांना हे ठाऊक नव्हते, कारण तिच्या आईवडिलांनी ते कोणाला सांगितले नव्हते. (का सांगितले नव्हते, हा एका वेगळ्या लेखाचा विषय आहे.)

"काका, मला तासाला दोन डॉलर तेरा सेंट मिळतात," ती म्हणाली. "बाकीचं सगळं त्या रिकाम्या ओळीतून येतं."

आम्हांपैकी कित्येक जण या देशात वीस-वीस वर्षे राहिलेले, नागरिकत्व घेतलेले, कर भरणारे. तरी तो आकडा ऐकून आम्ही एकमेकांकडे पाहू लागलो. अमेरिकेच्या संघीय कायद्यानुसार सर्वसाधारण किमान वेतन तासाला ७.२५ डॉलर आहे. ते २००९ पासून बदललेले नाही. परंतु ज्यांना टिप मिळते अशा कामगारांना मालकाने स्वतःच्या तिजोरीतून केवळ २.१३ डॉलर दिले तरी चालते, आणि हा आकडा १९९१ पासून तसाच आहे. उरलेले ५.१२ डॉलर ग्राहकाच्या टिपमधून भरून आले असे कायदा धरून चालतो. ही सवलत मालकांना १९६६ च्या दुरुस्तीने मिळाली. कॅलिफोर्निया, ओरेगॉन, वॉशिंग्टन, नेवाडा, मोंटाना, मिनेसोटा व अलास्का या सात राज्यांनी ती नाकारली आहे. तेथे वेटरलाही पूर्ण किमान वेतन द्यावे लागते. अनेक राज्यांत रक्कम २.१३ हून थोडी अधिक आहे. आमच्या टेक्सासमध्ये मात्र तीच.

टिप कमी पडली तर उरलेली रक्कम मालकाने भरावयाची असते, असे कायदा सांगतो. पण तो हिशेब सबंध आठवड्याच्या सरासरीवर होतो. शनिवारच्या गर्दीत चार पैसे बरे मिळाले की मंगळवारची रिकामी संध्याकाळ त्यात बुडून जाते.

त्या मुलीने आणखी एक गोष्ट सांगितली, ती आम्हांला सर्वांत जास्त लागली. तिच्या रेस्टॉरंटमध्ये टिप-आऊट नावाची पद्धत आहे. टेबले आवरणारा मुलगा, बारवरचा माणूस, दाराशी स्वागत करणारी मुलगी, यांचा वाटा वेटरने आपल्या टिपमधून द्यावयाचा, आणि तो टिपच्या प्रमाणात नव्हे तर विक्रीच्या प्रमाणात: तिच्याकडे चार टक्के. ग्राहकाने काही ठेवो न ठेवो, बिलाच्या रकमेवर हे चार टक्के जातातच. आमच्या त्या रात्रीच्या रेस्टॉरंटची पद्धत काय होती हे आम्ही विचारले नव्हते. पण हाच हिशेब आम्ही आमच्या बिलाला लावून पाहिला. ११४० चे चार टक्के म्हणजे ४५ डॉलर ६० सेंट. साठातून उरले १४ डॉलर ४० सेंट, दोघांत वाटून ७ डॉलर २० सेंट. त्यात तीन तासांचे मूळ वेतन ६ डॉलर ३९ सेंट मिळवले तर तीन तासांच्या धावपळीचे झाले १३ डॉलर ५९ सेंट, म्हणजे तासाला साडेचार डॉलरच्या आसपास. दुपारी आम्ही समतेवर टाळ्या वाजवल्या होत्या.

काकांचा मुद्दा मात्र त्या आकड्यांनी खोडला जात नाही. उलट या देशाचा इतिहास पाहिला तर तो अधिकच खरा ठरतो. टिपची चाल युरोपातील सरदार-उमरावांकडून येथे आली, तेव्हा पुष्कळ अमेरिकनांना ती आपल्या प्रजासत्ताकाला न शोभणारी वाटली. १९०९ मध्ये वॉशिंग्टन राज्याने टिपवर बंदी घालणारा कायदा केला, पाठोपाठ दक्षिणेतील काही राज्यांनीही केले. १९२६ पर्यंत हे सारे कायदे रद्द झाले होते. कारण तोवर टिपमध्ये अनेकांचे हित गुंतले होते. यादवी युद्धानंतर गुलामगिरीतून मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांना ज्या थोड्या नोकऱ्या खुल्या होत्या, त्यांत हॉटेलांतील व रेल्वेतील सेवेच्या नोकऱ्या होत्या. जॉर्ज पुलमन यांच्या कंपनीने आपल्या शयनयानांसाठी कृष्णवर्णीय पोर्टर मोठ्या संख्येने नेमले. पगार तुटपुंजा, पोट भरावयाचे ते प्रवाशांच्या टिपवर. बिछाने घालणे, बूट चमकवणे, रात्री-अपरात्री घंटा वाजताच धावणे, हे सारे हसतमुखाने. प्रवासी त्यांना त्यांच्या नावाने नव्हे, तर मालकाच्या नावाने 'जॉर्ज' म्हणून हाक मारीत. पूर्वी गुलामाला त्याच्या धन्याच्या नावाने ओळखत, तसे. १९२५ मध्ये ए. फिलिप रँडॉल्फ यांच्या नेतृत्वाखाली पोर्टरांची संघटना उभी राहिली आणि १९३७ मध्ये कंपनीला तिच्याशी करार करणे भाग पडले. टिपवर विसंबावे लागू नये इतका पगार, ही त्यांच्या लढ्यातील एक मुख्य गोष्ट होती.

हे वाचताना आम्हांला आपले गाव आठवले नसते तरच नवल. बलुतेदारीत काम ठरलेले होते, मोबदला ठरलेला नव्हता. सांगावा पोहोचवायचा, सरकारी कामगाराच्या घोड्यापुढे पळायचे, मेलेले जनावर ओढायचे. बदल्यात खळ्यावरचे उरलेसुरले धान्य, शिळी भाकर, प्रेतावरचे कापड. पाटील खूश असेल तर पसाभर जास्त, नाखूश असेल तर काहीच नाही. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी शिळे तुकडे मागणे सोडा म्हणून सांगितले, ते आपण दरवर्षी आठवतो. पण त्यानंतर त्यांनी काय केले, ते आपण तितके आठवत नाही. १९२८ मध्ये त्यांनी मुंबई कायदेमंडळात महार वतनासंबंधीचे विधेयक मांडले. बलुत्याच्या जागी ठरलेली रोख रक्कम यावी, ती गावकऱ्यांच्या मर्जीवर नव्हे तर सरकारमार्फत मिळावी, असा त्यातला आग्रह होता. ते विधेयक तेव्हा पुढे जाऊ शकले नाही. कनिष्ठ गाववतने रद्द करणारा कायदा मुंबई राज्यात व्हावयास १९५८ उजाडले. दरम्यान मजूरमंत्री म्हणून त्यांनी १९४६ मध्ये किमान वेतनाचे विधेयक मांडले, त्याचा कायदा १९४८ मध्ये झाला. म्हणजे तुकडा नाकारा, हे अर्धे सांगणे होते. उरलेले अर्धे, की कामाचे दाम ठरलेले असावे आणि ते हक्काने मिळावे, यासाठी ते वीस वर्षे झगडत राहिले.

काकांनी पहिले अर्धे धरले होते. आणि आम्ही त्यांच्या आडून ते फक्त दुसऱ्याला लागू केले. कारण त्या रात्री तुकडा नाकारण्याची संधी त्या दोन वेटरांना नव्हतीच. ती नाकारण्याची चैन आम्हांला होती. टिप न दिल्याने टिपची प्रथा मोडत नाही. मालकाला त्या रात्रीचे सारे पैसे मिळाले, पदार्थांचे, वातानुकूलनाचे, खुर्च्यांचेसुद्धा. बुडाली ती फक्त दोन माणसांची मजुरी.

प्रथेचे खरे विष कशात आहे हे डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांनी ओळखले होते. १९४६ मध्ये बाबासाहेबांनी ज्यांना पत्र लिहिले, तेच हे विचारवंत. १८८८ च्या उन्हाळ्यात, विद्यार्थिदशेत, त्यांनी मिनेसोटातील मिनेटोंका सरोवराकाठच्या एका हॉटेलात काम केले होते. पुढे १९२० मध्ये आलेल्या 'डार्कवॉटर' या पुस्तकात त्यांनी तेथल्या एका सहकाऱ्याविषयी लिहिले आहे. तो बुद्धिमान होता, एरवी चांगले इंग्रजी बोलत असे. पण पाहुण्यांपुढे गेला की वाकून, दात विचकून, मुद्दाम गावंढळ बोलत विदूषक होई. त्याला इतरांहून अधिक पैसे मिळत, आणि ते पाहणे ड्यू बॉइस यांना असह्य होई. आमच्या आजोबांना 'जोहार मायबाप' का म्हणावे लागे, याचे उत्तर याहून वेगळे नाही.

तेव्हा 'पाणी दोनदा मागावे लागले' या वाक्याकडे आम्ही पुन्हा आलो. सेवेत उणीव असेल तर ती शब्दांत सांगावी, फारच झाले तर व्यवस्थापकाला सांगावी. आपल्यापैकी कोणाच्या संगणकीय कामात चूक निघाली म्हणून त्या आठवड्याचा पगार साहेबाने मनाला येईल तसा कापला, तर आपण काय म्हणू? टिप कमी-जास्त करण्यात एक छोटी पाटिलकी असते, आणि ती करताना बरे वाटते, हे कबूल केलेले बरे. सिगालोवाद सुत्तात गृहस्थाने सेवकांप्रती पाळावयाची कर्तव्ये सांगितली आहेत: शक्तीप्रमाणे काम द्यावे, अन्न व वेतन द्यावे, आजारपणात काळजी घ्यावी, गोडधोड वाटून खावे, वेळेवर सुट्टी द्यावी. त्यांत वेतन आहे, आणि मालकाच्या मर्जीचा उल्लेख नाही. टिप हे दानही नव्हे. विहाराला दिलेल्या देणगीचे पुण्य तिच्यात शोधू नये.

आता किती, हा प्रश्न. बसून जेवतो तेथे, सेवा कशीही असो, १८ ते २० टक्के; बिलात सेवाशुल्क आधीच लावले असेल तर ते वाचून, आणि ते वेटरला मिळते का हे विचारून मग. केस कापणारा, घरी जेवण पोहोचवणारा, टॅक्सीवाला यांना साधारण तेवढेच. काउंटरवर कॉफी घेताना पडदा वळवून समोर धरतात, तेथे बंधन नाही. त्या मुलांना बहुधा तासाचे पूर्ण वेतन मिळते, मनात आले तर डॉलर ठेवावा.

लिहावेसे वाटते ते हॉटेलात खोली साफ करणाऱ्या बायांविषयी. त्यांच्यासमोर बिल नसते, पडदा नसते, चेहराही बहुधा दिसत नाही, म्हणून आपण त्यांना विसरतो. परिषदांना जाणारे आमचे बहुतेक सभासद दाराशी सामान उचलणाऱ्याला दोन डॉलर देतात आणि आपला संडास घासणारीला काहीच ठेवत नाहीत. दुसऱ्याची घाण काढणाऱ्याला न पाहणे ही सवय आपल्याला कोणी लावली, आणि ती आपल्यात कशी आली, याचा विचार ज्याने त्याने करावा. रात्रीमागे तीन ते पाच डॉलर, रोज सकाळी, आभाराच्या चिठ्ठीसह ठेवावेत. शेवटच्या दिवशी एकदम नव्हे, कारण काल खोली झाडणारी बाई आणि आज झाडणारी बाई एकच असेल असे नाही.

आपल्या देशबांधवांच्या रेस्टॉरंटमध्ये आणखी एक काळजी घ्यावी लागते. मालकाने किंवा व्यवस्थापकाने कामगारांची टिप स्वतःकडे ठेवणे संघीय कायद्याने २०१८ पासून स्पष्टपणे निषिद्ध आहे. तरी वाढणाऱ्याला मराठीत किंवा हिंदीत हळूच विचारावे, "कार्डावरचे पैसे तुम्हांला मिळतात ना?" उत्तराला वेळ लागला तर रोख द्यावे, हातात द्यावे.

आणि हे सारे करूनही प्रथा चुकीचीच राहते. २०२५ मध्ये टिपवरील संघीय आयकरात २५,००० डॉलरपर्यंत वजावट मिळाली, तिचा मोठा गाजावाजा झाला; पण २.१३ चा आकडा जागचा हलला नाही. ज्यांना येथे मताचा अधिकार आहे त्यांनी आपल्या राज्यातील उमेदवाराला या आकड्याविषयी विचारावे. सात राज्यांत जे चालते ते टेक्सासमध्ये का चालू नये, याचे उत्तर त्याला द्यावे लागेल.

मंडळाच्या पुढच्या बैठकीत यावर चर्चा झाली. काका बराच वेळ ऐकत होते. मग त्यांनी खजिनदारांची वही मागून घेतली, जयंतीच्या अंदाजपत्रकातील 'टिप व इतर' हे शब्द खोडले आणि 'वाढणाऱ्यांची मजुरी, २० टक्के' असे स्वतःच्या हाताने लिहिले. "आता द्या," ते म्हणाले.

त्या रात्रीचे २२८ व्हावयास हवे होते, दिले होते ६०. उरलेले १६८ डॉलर दोन पाकिटांत घालून आमच्यापैकी तिघे त्या रेस्टॉरंटमध्ये गेले. त्या बाईंनी आम्हांला ओळखले; पाकीट घेतले, पण उघडले नाही. तो तरुण मुलगा नोकरी सोडून गेला होता, कोठे ते कोणाला सांगता आले नाही. त्याचे ८४ डॉलर अजून खजिनदारांकडे आहेत.