पाहता पाहता बदलणारा दगड

कोकणातल्या जांभ्याचा तुकडा फोडला की आत लाल, पिवळा, तपकिरी रंग एकमेकांत मुरलेले दिसतात. पिवळेपणा मुख्यतः गोथाइटचा, लाली हेमटाइटची. दोन्ही लोखंडाचीच खनिजं. गोथाइटच्या घडणीत हायड्रोजनही असतो, हेमटाइट म्हणजे निव्वळ ऑक्साइड. कुठल्या कणात काय आहे, हे दगड न दळता, न विरघळवता सांगणारं यंत्र म्हणजे रामन सूक्ष्मदर्शक. पदार्थावरून विखुरलेल्या प्रकाशाचा अगदी थोडा अंश रंग बदलून येतो, हे चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२८ साली कोलकात्यात दाखवलं. हा बदल पदार्थातल्या अणूंच्या कंपनांवर ठरतो. खनिज वेगळं, की वर्णपटातली शिखरं वेगळी.

पण हा अंश फारच क्षीण, कोटीभर फोटॉनांत एखादा. म्हणून लेसर लागतो, आणि तोही भिंगातून एका बिंदूवर एकवटलेला. १ मिलिवॅट ऐकायला किरकोळ वाटतो. तोच १ मायक्रोमीटर व्यासाच्या ठिपक्यात आणला, की तीव्रता दर चौरस सेंटिमीटरला १ लाख वॅटच्या वर जाते. भर दुपारचं ऊन एका चौरस सेंटिमीटरवर जेमतेम ०.१ वॅट देतं. स्वच्छ स्फटिकासारख्या गारेतून हा प्रकाश आरपार जातो, तिला काही होत नाही. लोखंडाची गडद खनिजं मात्र तो पिऊन टाकतात. त्यातही कण बारीक आणि भुसभुशीत असतील तर उष्णतेला पळायला वाट नसते.

गोथाइटच्या पिवळ्या कणावर ५३२ नॅनोमीटरचा हिरवा लेसर धरा. शक्ती कमी असेल तर ३८५ प्रति सेंटिमीटरच्या आसपासचं त्याचं ठळक शिखर दिसतं. शक्ती वाढवली की ते खचू लागतं आणि २२५, २९२, ४११ या जागी हेमटाइटची शिखरं वर येतात. पुढे १३२० जवळ एक रुंद उंचवटाही. लेसर बंद करून पाहावं तर पिवळ्या कणावर लालसर ठिपका उरलेला. गोथाइटमधला हायड्रोजन पाणी होऊन निघून गेला. मॅग्नेटाइट या लोखंडाच्या काळ्या खनिजाचंही तेच: हवेत तापला की त्याचं ऑक्सिडीकरण होतं आणि शेवटी हेमटाइटच हाती लागतो. १९९७ साली ब्राझीलच्या दाल्वा द फारिआ आणि सहकाऱ्यांनी लोखंडाची अशी खनिजं एकामागून एक तपासून हा धोका नीट मांडला.

धोका का म्हणायचं? पिवळी माती भाजली की लाल होते, हे माणसाला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. एखाद्या गुहेतल्या रंगात हेमटाइट सापडला, तर तो मुळातला, रंगवणाऱ्यांनी भाजून केलेला, की तपासणाऱ्याच्या लेसरने आत्ताच घडवलेला? वर्णपट तिन्हींसाठी जवळपास तोच. चुकीचा वर्णपट गोंधळलेला दिसला असता तर निदान शंका आली असती. हा मात्र स्वच्छ येतो.

याहून फसवी गोष्ट खनिज बदलण्याआधीच घडते. तापल्यावर शिखरं किंचित खाली सरकतात, रुंद होतात. लोखंडाच्या जागी दुसरं मूलद्रव्य शिरलं, की स्फटिकाची घडी विस्कटली, की नुसती उष्णता, हे एका मापनावरून कळत नाही.

उपाय साधे आहेत, पण वेळखाऊ. लेसरच्या वाटेत गाळण्या लावून शक्ती मिलिवॅटच्या अंशापर्यंत आणायची, प्रकाश थोडा पसरवायचा, नमुना पाण्यात बुडवायचा किंवा फिरता ठेवायचा. त्याच जागेचं दुसऱ्यांदा मापन घेतलं आणि ते पहिल्याशी जुळलं, तरच पुढे जायचं. शोधनिबंधात लेसरची नव्हे, नमुन्यावर पडलेली शक्ती लिहिलेली असावी, ठिपक्याच्या आकारासह. ती नसेल तर गडद खनिजांच्या वर्णपटावर मी विसंबणार नाही. विखुरलेल्या प्रकाशाच्या दोन बाजू असतात, ऊर्जा गमावलेली आणि ऊर्जा मिळवलेली. त्यांच्या तीव्रतांच्या गुणोत्तरावरून त्या ठिपक्याचं तापमानही काढता येतं.

मंद लेसरने मूळ वर्णपट एकदा नीट नोंदवला, की मग शक्ती मुद्दाम वाढवायलाही हरकत नसते. नमुना मौल्यवान नसेल, तर अनुभवी लोक तसं करतातही: पिवळा कण तापून लाल झाला, हेमटाइटची शिखरं उगवली, की तो मुळात गोथाइट होता या निदानाला आणखी एक पुरावा मिळतो.